अठराव्या दिवसाचं उत्तर

आमच्या तळेगावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत कोणी पडलं, हाड मोडलं, की मला बोलावणं येतं. "बाई, तुमाले सगळं ठावं आहे, येऊन सांगून जा ना." मला काही ठाऊक नाही. माझा उजवा खुबा मोडला, आणि आता काठीशिवाय मला अंगणसुद्धा ओलांडता येत नाही, एवढंच मला ठाऊक आहे. काठी टेकत दुसऱ्याच्या ओसरीवर चढायचं म्हणजे अर्धा जीव जातो, आणि वर बसून तीच ती गोष्ट सांगायची. कंटाळा आला. म्हणून एकदाची लिहून काढते. ज्या घरात कोणी पडलं असेल तिथे वाचता येणाऱ्याने वाचून दाखवावी. धीराचे चार शब्द हवे असतील तर मात्र दुसऱ्या कोणाकडे जा. माझ्याजवळ ते नाहीत.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी

विदर्भ मुंबई राज्यात जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. मी तळेगावहून दोन मैलांवरच्या खेड्यात मुलींच्या शाळेत शिकवत होते. चालत जायचं, चालत यायचं. या घराण्यात नोकरी करणारी मी पहिली सून. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अर्ध्या गावाची बोलणी खाऊन मला शाळेत जाऊ दिलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यांच्याबद्दल बोलायचं आहे आणि वाचणाऱ्याने त्यांना वाईट समजू नये.

रविवार होता. धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, कुरडया वाळत घातल्या होत्या. वानरं आली. त्यांना हाकलता हाकलता मी मागे सरकत गेले आणि कड संपली. खाली न्हाणीचा दगड होता. उजव्या कुशीवर त्या दगडावर आदळले.

ओरडले नाही. ओसरीवर मामाजी बसले होते ना. पडल्या पडल्या पहिलं काम केलं ते डोक्यावरचा पदर सारखा करण्याचं. आज आठवलं की स्वतःचीच चीड येते.

हाडं बसवणारा म्हातारा तासाभरात आला. आमच्या भागात माणसाचं काय, बैलाचंही हाड तोच बसवायचा. बाजेभोवती मामाजी, माझे यजमान, शेजारचे दोघे-तिघे उभे. म्हाताऱ्याने विचारलं, "कुठं दुखते बाई?"

दुखत होतं जांघेत. जिथे पाय धडाला जोडलेला असतो तिथे आत कोणीतरी कोयता फिरवत होतं. पण सासऱ्यांसमोर, चार पुरुषांसमोर सुनेने तो शब्द तोंडातून काढायचा? आणि काढला तर तो परका म्हातारा तिथे हात लावणार. मी म्हणाले, "गुडघ्यात."

अगदी खोटंही नव्हतं. गुडघाही ठणकत होता. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की खुब्याची कळ गुडघ्यात उतरते, पुष्कळांना तसं होतं. पण पुष्कळांनी माझ्यासारखं वरचं लपवलं नसेल. म्हाताऱ्याने गुडघ्याला आंबेहळदीचा लेप लावला, बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधली आणि एकवीस दिवस हलायचं नाही म्हणून सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना, माझ्या सासूला, एकटं गाठून म्हटलं की वरही फार दुखतं. त्या म्हणाल्या, "गुडघ्याचीच कळ वरतं चढते माय. बसला का उतरून जाईन." त्यांना तरी काय कळणार. मी परत बोलले नाही. नऊवारी लुगड्याच्या आत पाय वाकडा होऊन आखूड होत चालला होता, तो कोणी पाहिला नाही, मी दाखवला नाही.

गुडघा साफ आहे

वर्ध्याला माझा मोठा भाऊ कचेरीत कारकून. दादा भेटायला आला तेव्हा सोळा दिवस झाले होते. माझं तोंड पाहून तो मामाजींना म्हणाला, "फोटो काढून पाहू." दुसऱ्या दिवशी बाजेसकट मला एका रिकाम्या ट्रकमध्ये ठेवलं आणि आर्वीवरून वर्ध्याला नेलं. रस्त्याचं सांगत नाही. दर खड्ड्याला मी मनातल्या मनात मामाजी, आत्याबाई, यजमान, दादा, सगळ्यांना शिव्या दिल्या.

दवाखान्यात विचारलं, काय झालं. सगळे म्हणाले, गुडघा. मीही म्हणाले, गुडघा. गुडघ्याचा फोटो निघाला. तिथले डॉक्टर म्हणाले, "गुडघा साफ आहे, मुका मार आहे, न्या घरी." मामाजींच्या जिवात जीव आला. मला रडू कोसळलं आणि सगळ्यांना वाटलं, आनंदाने रडते.

वाचवलं ते गोदाबाईने. ती बायकांच्या वॉर्डातली आया. संध्याकाळी माझ्याखाली भांडं सरकवायला तिने मांडीला हात घातला आणि माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली ती सतरा दिवसांची होती. तिने लुगडं वर सारून पाहिलं.

"गुडघा कुठला वो बाई. तुमचा खुबा गेला. सांगतलं काऊन नाई?"

मी म्हटलं, "कसं सांगू?"

ती भांडं तिथेच ठेवून सरळ डॉक्टरांकडे गेली. तिच्या जागी दुसरी असती तर भांडं घेऊन निघून गेली असती. हिने तोंड उघडलं.

वाटीचं छत

नागपूरचे हाडांचे डॉक्टर दर गुरुवारी वर्ध्याला येत. दुसराच दिवस गुरुवार होता, पडल्यापासून अठरावा. पन्नाशीचे, बारीक, कधी न हसणारे. नवा फोटो उजेडाला धरून ते बराच वेळ उभे राहिले. मग माझ्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने काढून दाखवलं. खुबा म्हणजे एक वाटी आणि तिच्यात फिरणारा गोळा. माझी वाटीच फुटली होती. तळ फुटून गोळा आत घुसला होता, आणि वाटीच्या वरच्या भागाचा, ते त्याला छत म्हणाले, एक मोठा तुकडा निसटून बाजूला गेला होता.

ते म्हणाले, "यात नेहमी आम्ही वजन लावून पाय ओढतो. गोळा हळूहळू बाहेर येतो. छत शाबूत असेल तर तेवढ्यावर भागतं, उघडून बघायची गरज नाही. पण तुमचं छतच निसटलं आहे. दोरीने गोळा येईल, छताचा तुकडा यायचा नाही. त्यासाठी उघडावं लागेल."

"उघडलं की पाय बरा होईल?" दादाने विचारलं.

"सांगता येत नाही. ही ऑपरेशनं मी फार थोडी केली आहेत. रक्त पुष्कळ जातं. पू होऊ शकतो. पायाची शीर दुखावली तर पंजा लोंबता राहील. जीवही जाऊ शकतो. आणि नाही उघडलं तर जीव राहील, पण खुबा धरेल. खाली बसणं, उकिडवं बसणं, फार चालणं, हे सगळं अवघड." मग म्हणाले, "आणि वेळ नाही. तीन आठवड्यांनी तुकडे जिथे असतील तिथेच चिकटायला लागतात. पहिल्या आठवड्यात आला असता तर मी इतका विचार केला नसता. आता करायचं तर उद्या यांना नागपूरला हलवा. रक्त लागेल, घरचं कोणी द्या."

पहिल्या आठवड्यात आला असता तर. हे ते कोणाला दोष द्यायला म्हणाले नव्हते. पण का आलो नाही हे माझ्याशिवाय तिथे कोणाला ठाऊक होतं?

मग त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मामाजी घुटमळले, तरी पाठवलं. खाटेजवळ स्टूल ओढून बसले. मला म्हणाले, "पाय तुमचा आहे. तुम्ही शिकलेल्या आहात. तुमचं काय म्हणणं आहे? करू की नको?"

माझं म्हणणं होतं, करा. मेले तर मेले, पण करा. दोन मैलांची ती वाट, शाळा, सकाळी स्वतःच्या पायाने परसात जाणं, हे सगळं त्या एका शब्दात होतं आणि तो शब्द जिभेवर आला होता. तीस वर्षांच्या आयुष्यात माझ्या देहाबद्दल मला कोणी असं विचारलं नव्हतं. आईने नाही, यजमानांनी नाही. आणि भलतंच झालं तर उद्या सगळे म्हणतील, तूच म्हणाली होती ना करा, तर मग? लोंबता पंजा घेऊन मी कोणाच्या तोंडाकडे पाहू? शिकलेली होते म्हणे.

मी म्हणाले, "घरचे सांगतील तसं."

ते लगेच उठले नाहीत. "नक्की?"

"हो."

अमावस्या

घरचे बाहेर निंबाखाली बसले. माझी खाट खिडकीशी होती, सगळं ऐकू येत होतं. त्याच दुपारी दादाचं आणि यजमानांचं रक्त तपासलं. दादाचं जुळलं नाही. यजमानांचं जुळलं. आणि तिथे सगळं अडलं.

आत्याबाई म्हणाल्या, "नवऱ्याचं रगत बायकोच्या आंगात? मंग ते एका रगताचे झाले ना. भाऊ-बहीन झाले. हे कोन्या शास्त्रात बसते?"

दादा वैतागला. "आत्याबाई, असं काही नसते."

"तुह्यं जुळलं असतं तं मी बोलली नसती बाप्पा. बहिनीले भावानं द्यावं."

मामाजी दोघांचं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "शनवारी अवस आहे, त्यात गिरान. लेकराच्या आंगावर सुरी चालवाची तं निदान ते सरू द्या. सोमवारी सांगू."

लेकराच्या म्हणाले. मला. ते ऐकून मी आणखीच मोडले. रागवायला माणूस वाईट तरी असावा.

आणि यजमान? ते बोललेच नाहीत. दादाने दोनदा विचारलं, "जावाईबापू, तुमचं काय म्हणनं?" ते खाली माती उकरत बसले. माझ्या खिडकीकडे एकदा पाहिलं आणि परत माती. मी खाटेवरून त्यांच्या पाठीकडे पाहत मनात म्हणत होते, बोला. एकदा तरी बोला. ते नाही बोलले. ही गोष्ट मी मनात घट्ट धरून ठेवली.

डॉक्टर संध्याकाळी माझ्या नडगीच्या हाडातून सळई घालून दोरीला वजन लावून नागपूरला गेले. शुक्रवार गेला. शनिवारी अमावस्या गेली, ग्रहण सुटलं. रविवारी तीन आठवडे भरले. सोमवारी सकाळी मामाजी माझ्या खाटेशी आले, डोळे लाल, झोपले नसावेत. म्हणाले, "पोरी, करून घेऊ. तुह्या सासूची समजूत काढली मी." दादाने नागपूरला निरोप पाठवला. गुरुवारी येऊन आधी पाहतो, असं उत्तर आलं.

गुरुवारी डॉक्टर आले. पुन्हा फोटो काढला. पुन्हा उजेडाला धरला. या वेळी फार वेळ लागला नाही.

"आता नाही. धरलं आहे. आता उघडलं तर आहे तेही जाईल."

मामाजी हात जोडून म्हणाले, "साहेब, आमी हो म्हनलं ना."

"हो," डॉक्टर म्हणाले, "कळलं मला."

वजन

दहा आठवडे पाठीवर. आडव्या माणसाला दिवस किती लांब असतो ते उभ्याला कळत नाही. खाटेचे पायाकडचे खूर विटांवर चढवलेले, दोरी चाकावरून खाली, तिला वाळूची पिशवी. पंखा नव्हता. वर्ध्याचा वैशाख, जेठ. दुपारी खिडकीतून झळा यायच्या आणि कमरेखाली घाम साचून कातडी सोलून निघायची. कुशीवर वळता येत नाही. पाठ खाजली तर दुसऱ्याचा हात लागतो.

पहिले काही आठवडे आत्याबाई होत्या. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. एक दिवस त्यांनी भाताचा घास पुढे केला तो मी हाताने उडवला. भात त्यांच्या लुगड्यावर पडला. त्यांनी तो वेचला, लुगडं झटकलं आणि दुसरा घास केला. मी तोही खाल्ला नाही. सोसायला शिकले असं कोणी माझ्याबद्दल म्हटलं तर मान्य करू नका. मी रोज मरण मागत होते, आणि ते येत नाही म्हणून चिडत होते.

चांगलं म्हणून सांगण्यासारखं थोडं आहे. गोदाबाई आठवड्यातून एकदा माझी मान खाटेच्या कडेबाहेर काढून खाली पसरट भांडं धरायची आणि शिकेकाईने केस धुवायची. थंड पाणी टाळूवर पडायचं तेवढा वेळ मी बरी असायचे. तिने मला कधी धीर दिला नाही, होईल बरं म्हणाली नाही, म्हणून मला ती आवडायची. एकदाच म्हणाली, "आता कोनी इचारलं तं तरी सांगत जा." मी म्हटलं, "आता कोण विचारतं."

वजन उतरवलं त्या दिवशी मला दोघींनी धरून उभं केलं. पाय माझा नव्हताच. दोन बोटं आखूड, आणि खुब्यात वाकायला तयार नाही. डॉक्टरांना मी विचारलं, "केलं असतं तर?"

"कदाचित चांगलं झालं असतं. कदाचित याहून वाईट. आता मी काही सांगितलं तरी ते खरं नसेल."

त्यांनी खोटं सांगायला हवं होतं, असं तेव्हा वाटलं. काहीही उपयोग झाला नसता, असं तरी म्हणायचं होतं.

घरी

खाली बसता येत नाही म्हणजे काय, हे ज्याचा खुबा शाबूत आहे त्याला सांगून समजत नाही. पंगतीत बसता येत नाही. चुलीपुढे बसता येत नाही. हळदीकुंकवाला गेलं तर सगळ्या बायका खाली आणि आपण एकटी खुर्चीवर, पाहुण्या साहेबासारखी. आणि उकिडवं बसता येत नाही, म्हणजे रोज सकाळी काय होतं ते समजून घ्या. आत्याबाईंनी सुताराकडून भोक पाडलेलं स्टूल करवून घेतलं. खालचं भांडं अजून त्याच उचलतात. मी सांगितलं, बाई लावू. त्या म्हणाल्या, "मायं आहे ते." रक्ताचा विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही नाही. त्यांच्यावर रागवायचं मी कधीतरी सोडून दिलं. कधी ते आठवत नाही.

शाळा गेली. दोन मैल चालणं या पायाचं काम नाही. काही दिवस यजमान बैलगाडीने सोडत, पण गाडीच्या हादऱ्याने संध्याकाळपर्यंत खुबा असा ठणकायचा की मुली पाढे म्हणत आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी. दुसरी बाई नेमली गेली. चांगली आहे म्हणतात.

मग उरला एकच माणूस ज्याच्यावर रागवायचं. दीड वर्ष मी यजमानांशी कामापुरतं बोलले. ते गाडी जोडत, मला उचलून चढवत, रात्री पायाला तेल लावत, आणि मी त्यांच्या हाताखाली दगडासारखी पडून राहायचे. त्या दिवशी निंबाखाली तुम्ही गप्प का बसलात, हे मला विचारायचं होतं आणि विचारणार नव्हते. त्यांचं त्यांना कळायला हवं.

परवा दुपारी कापूस वेचून आणलेला, अंगणात ते त्यातला काडीकचरा काढत होते, मी जवळ खुर्चीवर. वर न पाहता म्हणाले, "एक इचारू का? रागावशीन नाई तं."

"इचारा."

"तवा तुले काय वाटत होतं? करावं का नाई?"

"करावं."

त्यांचे हात थांबले. "खरंच?"

"खरंच म्हंजे काय? पाय मायाच होता ना."

"मंग बोलली काऊन नाई?"

माझा तोल गेला. दीड वर्षाचं सगळं वर आलं. "मले कोनी इचारलं? तुमी इचारलं? निंबाखाली माती उकरत बसले होते. दादानं दोनदा इचारलं तं तोंडातून शबूद नाई. तुमी एक हो म्हनलं असतं ना, तं मी आज चालली असती."

त्यांनी हातातलं बोंड उलटून पाहिलं. मग म्हणाले, "डाक्टर बाहेर आले ना, तवा मले बाजूले घेतलं त्यायनं. म्हने, मी तुमच्या बायकोले एकटीले इचारलं. ते घरच्यावर सोपवते म्हने." कापसाचं बोंड हातात तसंच होतं. "मले वाटलं, तुले नको आहे. भेव वाटते तुले, आन सगळ्यायसमोर नाई म्हनता येत नाई, म्हनून अशी म्हनली. मी हो म्हनलं असतं तं सगळ्यायनं तुले धरून नेलं असतं. म्हनून मी गप राह्यलो."

मी खुर्चीचा हात धरून बसले होते. रागवायला आता कोणीच उरलं नव्हतं.

"तुले इचारलं होतं ना डाक्टरनं?" त्यांनी विचारलं. भांडायला नाही, खरंच माहीत करून घ्यायला.

मी म्हणाले, "हो. मले इचारलं होतं."